अन्नविज्ञान व तंत्रज्ञानाची पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पदवीत स्वयंपाक शिकवतात की आहारशास्त्र?

दोन्ही नाही. अन्न पोटात गेल्यावर शरीराचं काय होतं, ते आहारशास्त्र बघतं. अन्नविज्ञान बघतं ते कच्चा माल आल्यापासून ग्राहकाने पाकीट उघडेपर्यंत खुद्द अन्नाचं काय होतं, का होतं आणि ते आपल्याला हवं तसं कसं घडवून आणायचं. एक नमुन्याचा प्रश्न घ्या: पाव फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा का लागतो? भाजताना फुगलेल्या स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा स्फटिकासारखे रचले जातात आणि फ्रिजच्या तापमानाला ही रचना सर्वांत वेगाने होते. फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, ती जवळपास थांबते. असे ‘का’ विचारण्यात मजा वाटत असेल तर विषय तुमचा आहे. नुसती खाण्याची किंवा रांधण्याची आवड असेल, तर तेवढ्यावर चार वर्षं निघत नाहीत.

अन्नविज्ञान आणि अन्नतंत्रज्ञान या वेगळ्या पदव्या आहेत का?

नावात वेगळ्या, अभ्यासात बऱ्याच सारख्या. ‘विज्ञान’ असेल तिथे रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र जास्त, ‘तंत्रज्ञान’ किंवा ‘अभियांत्रिकी’ असेल तिथे उष्णता-वहन, प्रवाह आणि यंत्रं जास्त. नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागवा. इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स या १९३९ साली स्थापन झालेल्या संस्थेने पदवी-अभ्यासक्रमासाठी निकष ठरवले आहेत. त्यांत अन्नरसायन, अन्नसूक्ष्मजीवशास्त्र, अन्नसुरक्षा, टिकवणुकीच्या पद्धती, प्रक्रिया व अभियांत्रिकी, संवेदी परीक्षण (चव, वास, पोत यांची माणसांकडून शास्त्रशुद्ध तपासणी), गुणवत्ता हमी, अन्नकायदे आणि संख्याशास्त्र हे सगळं येतं. यातलं एखादं पूर्ण गायब असेल तर का ते विचारा.

गणित कच्चं आहे. जमेल का?

लॉगॅरिदम, घातांक, एककांची अदलाबदल आणि वस्तुमानाचा ताळेबंद एवढं हातचं असेल तर पहिली दोन वर्षं निभतात. पुढे उष्णता-वहनात थोडं कलन (कॅल्क्युलस) लागतं आणि प्रोजेक्टच्या वेळी संख्याशास्त्र. नापास होणारे बहुतेक जण कलनात अडकत नाहीत. ते अडकतात ताळेबंदात: १० टक्के घन पदार्थ असलेला १०० किलो रस आटवून ४० टक्क्यांवर आणायचा, तर पाणी किती काढायचं? घन पदार्थ १० किलोच राहतात, म्हणून शेवटचा माल १०÷०.४० = २५ किलो, आणि उडवायचं पाणी ७५ किलो. पुष्कळ जण ३० किलो असं उत्तर देतात, कारण ते टक्केवारीतून टक्केवारी वजा करतात. ही एक सवय मोडली की अर्धं काम झालं.

उष्णता-प्रक्रियेचा पेपर सगळ्यांना अवघड का जातो?

कारण तिथे सूक्ष्मजीवशास्त्र आणि गणित एकाच समीकरणात येतात. एकदा नीट बघून घ्या, पुढची तीन वर्षं उपयोगी पडेल.

डी-मूल्य म्हणजे ठरावीक तापमानाला जिवंत जीवाणूंची संख्या एक-दशांशावर आणायला लागणारा वेळ. झेड-मूल्य म्हणजे हा वेळ एक-दशांश व्हायला तापमान किती अंशांनी वाढवावं लागतं तो आकडा. कमी आम्लाच्या डबाबंद अन्नात ज्याची खरी धास्ती असते त्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूच्या बीजाणूंसाठी (त्याच्या उष्णता सोसणाऱ्या सुप्त रूपासाठी) १२१.१ अंश सेल्सिअसला डी साधारण ०.२१ मिनिट आणि झेड १० अंश धरतात. नियम असा की बीजाणूंची संख्या बारा दशांशांनी खाली आली पाहिजे: १२ × ०.२१ = २.५२ मिनिटं. यावर थोडी ढील ठेवून किमान ३ मिनिटं धरली जातात. यालाच एफ-झीरो ३ म्हणतात.

आता डब्याचा मध्यभाग १२१.१ पर्यंत पोचलाच नाही, ११५ अंशांवर १० मिनिटं राहिला. १० चा (११५ वजा १२१.१) ÷ १० हा घात काढा: ०.२४५. म्हणजे ११५ अंशांचं एक मिनिट हे १२१.१ अंशांच्या ०.२४५ मिनिटाइतकं. दहा मिनिटांचे झाले २.४५. प्रक्रिया अपुरी. तोच मध्यभाग ११६ अंशांवर असता तर गुणक ०.३०९ आणि बेरीज ३.०९, म्हणजे पास. एका अंशाने निकाल फिरला. तापमापक एक अंशाने चुकत असेल तर काय होईल ते यावरून कळतं. कॅलिब्रेशनचा (मापक अचूक आहे का ते तपासण्याचा) धडा कंटाळवाणा वाटला की हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

चुका कुठे होतात? थर्मोकपलचं (डब्याच्या आतलं तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागी बसवलेलं नसतं. घट्ट पदार्थात ही जागा डब्याच्या भौमितिक मध्यावर असते, पातळ पदार्थात प्रवाहामुळे मध्याच्या खाली सरकते. दुसरी चूक रिटॉर्टमधली (डबे वाफेच्या दाबाखाली तापवायच्या यंत्रातली) हवा पूर्ण बाहेर न काढण्याची: वाफेत हवा मिसळलेली असेल तर दाबमापक योग्य दाब दाखवतो, पण तापमान त्या दाबाला असायला हवं त्याहून कमी असतं. म्हणून प्रक्रियेचा वेळ तापमापकावर मोजायचा, दाबावर नाही.

‘मग जास्तच तापवू’ हा उपाय नाही. रंग, चव, जीवनसत्त्वं यांचंही झेड-मूल्य असतं, साधारण २५ ते ४५ अंशांच्या घरात. तापमान १० अंशांनी वाढवलं की बीजाणू दसपट वेगाने मरतात, पण गुणवत्तेचा ऱ्हास तेवढा वेगावत नाही. १३५ अंशांच्या वर काही सेकंदच तापवलेलं दूध महिनोनमहिने टिकतं आणि तरी पिण्यासारखं राहतं, ते या फरकामुळे.

पीएच ४.६ चा आकडा सगळीकडे का येतो?

४.६ किंवा त्याहून कमी पीएचला बोट्युलिनमचे बीजाणू रुजून विष तयार करू शकत नाहीत. त्यामुळे आंबट फळांचे पदार्थ १०० अंशांच्या आतबाहेर तापवून भागतं, बाकीच्यांना दाबाखाली शिजवावं लागतं. मोजताना पदार्थ नीट घोटून एकजीव करा. आम्लात मुरवलेल्या भाजीच्या फोडींच्या बाहेरच्या पाण्याचा पीएच ३.८ असताना आतल्या गराचा ५ च्या वर असू शकतो. निर्णय गरावर होतो, पाण्यावर नाही.

ओलावा मोजला, मग वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी वेगळी कशाला मोजायची?

ओलावा सांगतो पाणी किती आहे. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी सांगते त्यातलं सूक्ष्मजीवांच्या हाती किती लागतं. ही ० ते १ या मापात मोजतात. बहुतेक जीवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक बुरशी ०.८० च्या खाली, आणि ०.६० च्या खाली कुणीच नाही. नियमांत ०.८५ ही रेषा वारंवार दिसते, कारण स्टॅफिलोकोकस ऑरिअस बराच कोरडेपणा सोसतो.

१३ टक्के ओलाव्याचा गहू सुरक्षित साठवता येतो, पण तेवढ्याच ओलाव्याच्या शेंगदाण्याला बुरशी येते. शेंगदाण्याचा जवळपास निम्मा भाग तेल आहे आणि तेल पाणी धरत नाही. सगळं पाणी उरलेल्या निम्म्यात गोळा होतं. म्हणून शेंगदाणा ७-८ टक्क्यांवर आणावा लागतो.

यंत्र वापरण्यापूर्वी मिठाच्या संपृक्त द्रावणाने तपासा. २५ अंशांना ०.७५३ यायला हवं. नमुना गरम असताना कपात भरला तर आकडा चुकतो. खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

प्रॅक्टिकलमध्ये नक्की काय करायला लावतात?

सुरुवात ओलावा, राख, मेद, प्रथिनं यांपासून. पद्धती जुन्या आहेत (मेदासाठी सॉक्सलेट १८७९ ची, प्रथिनांसाठी केल्डाल १८८३ ची) आणि अजूनही पाया त्याच आहेत.

ओलाव्यासाठी १०५ अंशांचं ओव्हन, दोन वजनांत फरक उरत नाही तोवर. भांडं डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून मगच तोला. गरम भांड्याभोवती हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं. साखर जास्त असेल तर १०५ ला फ्रुक्टोजचं विघटन होऊन त्याचं वजनही ‘ओलावा’ म्हणून मोजलं जातं, तिथे ७० अंशांचं व्हॅक्यूम ओव्हन घ्या. राखेला ५५० अंश, पण नमुना आधी बर्नरवर धूर थांबेपर्यंत जाळून घ्या. थेट भट्टीत ठेवला तर पेट घेऊन कण उडतात. सॉक्सलेटमध्ये नमुना कोरडा हवा, कारण मेद विरघळवून काढणारं पेट्रोलियम ईथर ओल्या कणांत शिरत नाही. ईथर ज्वालाग्राही आहे, जवळ उघडी ज्योत नको. आणि पावासारख्या भाजलेल्या पदार्थात मेद स्टार्च-प्रथिनांत अडकलेलं असतं. आधी आम्लाने मोकळं केलं नाही तर उत्तर हमखास कमी येतं.

केल्डालवर जरा थांबू, कारण सर्वांत जास्त प्रॅक्टिकल इथे वाया जातात. यात नमुन्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजतात. साधारण १ ग्रॅम नमुना, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम सल्फेट आणि थोडं कॉपर सल्फेट. पोटॅशियम सल्फेट आम्लाचा उत्कलनबिंदू वर नेतं, कॉपर उत्प्रेरक आहे. द्रावण स्वच्छ झालं की लगेच बंद करू नका, आणखी काही वेळ उकळू द्या. काही नायट्रोजन शेवटी सुटतो. फ्लास्कच्या मानेला चिकटलेले काळे कण खाली आणा. थंड करून पाणी घाला, मग जादा कॉस्टिक सोडा. सोडा पुरेसा पडला की कॉपरमुळे रंग गडद निळा किंवा काळपट होतो. रंग बदलला नाही तर अमोनिया सुटणारच नाही. ऊर्ध्वपातनात नळीचं टोक बोरिक आम्लात बुडालेलं हवं, नाहीतर अमोनिया हवेत जातो. उलट, उष्णता बंद करण्याआधी ते टोक वर काढा, नाहीतर निर्वातामुळे बोरिक आम्ल मागे ओढलं जातं. शेवटी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन.

समजा १ ग्रॅम गव्हाच्या पिठाला १४.५ मिली लागलं आणि ब्लँकला (नमुन्याशिवाय केलेल्या प्रयोगाला) ०.२. नायट्रोजन = १४.३ × ०.१ × १.४००७ = २.००३ टक्के. नायट्रोजनवरून प्रथिनं काढायचा गव्हाचा गुणक ५.७ धरला तर प्रथिनं ११.४ टक्के; सवयीने ६.२५ धरला तर १२.५. प्रयोग अचूक करून उत्तर चुकवण्याचा हा सोपा मार्ग आहे. दुधाला ६.३८.

ही पद्धत मोजते नायट्रोजन, प्रथिनं नाही, हे व्हायवात विचारतातच. मेलामाइनमध्ये नायट्रोजन सुमारे ६६.६ टक्के असतो, म्हणजे त्याचा १ ग्रॅम केल्डालमध्ये ४ ग्रॅमहून जास्त ‘प्रथिन’ दाखवतो. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेलं दूध पौष्टिक भासवायला हीच फट वापरली गेली आणि तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडांवर त्याचे परिणाम झाले.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये माझे आकडे नेहमी विचित्र का येतात?

बहुधा विरलनात, म्हणजे नमुना पायरीपायरीने पातळ करण्यात, गडबड आहे. १० ग्रॅम नमुना ९० मिली द्रावणात, हे पहिलं विरलन. पुढे दरवेळी १ मिली, ९ मिलीत. प्रत्येक पायरीला पिपेटची नवी टिप. मग १ मिली प्लेटमध्ये आणि वर ४५ अंशांच्या आसपास थंड केलेलं अगार (जीवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम). याहून गरम ओतलं तर नाजूक जीवाणू मरतात, फार थंड केलं तर गुठळ्या होतात. २५ ते २५० वसाहती असलेल्याच प्लेट मोजायच्या (काही पुस्तकं ३० ते ३०० म्हणतात, एकच पकडा). चौथ्या विरलनाच्या दोन प्लेटवर ८६ आणि ७८ आले तर सरासरी ८२, म्हणजे ग्रॅमला ८.२ लाख.

तपासणीची युक्ती: शेजारच्या विरलनांत साधारण दसपट फरक दिसला पाहिजे. तिसऱ्यावर २४० आणि चौथ्यावर ८६ असेल तर चौथ्यात जास्त जीवाणू पोचलेत, बहुतेक टिप बदलली नाही. तिसऱ्यावर २४० आणि चौथ्यावर ३ असेल तर नळी हलवायची राहिली.

संवेदी परीक्षण म्हणजे फक्त चाखून सांगणं ना?

असं समजणाऱ्यांचेच प्रोजेक्ट सर्वांत आधी पडतात. उदाहरणार्थ त्रिकोण चाचणी: तीन नमुने, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. न चाखता अंदाजाने सांगितलं तरी तिनात एकदा बरोबर येतं. म्हणून २४ जणांत ५ टक्के पातळीवर (निव्वळ अंदाजाने असा निकाल यायची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) फरक सिद्ध करायला १३ जणांनी ओळखायला हवं. बारा, म्हणजे बरोबर निम्मे, पुरत नाहीत. २४ सोयीचा, कारण नमुने मांडण्याचे क्रम सहा आहेत आणि प्रत्येक क्रम चार वेळा येतो. नमुन्यांना तीन अंकी यादृच्छिक क्रमांक द्या. ‘अ’ आणि ‘ब’ लिहिलं की लोक ‘अ’ ला झुकतं माप देतात. रंगात फरक असेल तर तो दिसू नये म्हणून लाल दिवा.

दोन गोष्टी कायम गोंधळतात. प्रशिक्षित पॅनेलला ‘आवडलं का’ विचारायचं नाही, त्यांची चव आता सामान्य ग्राहकाची राहिलेली नसते. आणि फरक सिद्ध झाला नाही म्हणजे नमुने सारखे आहेत, असं नाही.

हॅसेप पाठ केलं तरी प्रोजेक्टमध्ये गुण का कापतात?

कारण हॅसेपची, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याच्या पद्धतीची, सात तत्त्वं पाठ होतात आणि आराखड्यात वीस ‘क्रिटिकल कंट्रोल पॉइंट’ निघतात. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराच्या नेटिक प्रयोगशाळेने ही पद्धत आखली, ती नेमकी उलट विचाराने: शेवटी तयार माल तपासण्यापेक्षा मोजक्या जागी पक्कं नियंत्रण. हात धुणं, फरशी, कीटक-नियंत्रण या पूर्वअटी आहेत, त्या वेगळ्या ठेवा. एखाद्या पायरीवर ताबा सुटला आणि पुढची कुठलीही पायरी तो धोका दूर करणार नसेल, तरच ती ‘क्रिटिकल’.

दुधाच्या पाश्चरीकरणात ती उघड आहे: ७२ अंश, १५ सेकंद. मर्यादा ७२ ची, पण यंत्र ७४ वर चालवतात म्हणजे जरा खालीवर झालं तरी मर्यादा मोडत नाही. तापमान घसरलं की झडप दूध मागे वळवते. अल्कलाइन फॉस्फटेजची (पाश्चरीकरणात नष्ट होणाऱ्या दुधातल्या एन्झाइमची) चाचणी ही पडताळणी, देखरेख नव्हे. हा फरक लिहिला नाही की गुण जातात. १५ सेकंद सरासरी वेगाने मोजणं ही आणखी एक चूक. शांत प्रवाहात नळीच्या मध्यावरचं द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने जातं, म्हणजे त्याला फक्त साडेसात सेकंद मिळाले.

शेवटच्या वर्षाचा प्रॉडक्ट डेव्हलपमेंट प्रोजेक्ट कसा आखावा?

टिकवण-चाचणी पहिल्या महिन्यातच सुरू करा. नमुना ‘अजून परिपूर्ण नाही’ म्हणून थांबणारे शेवटी दोन आठवड्यांचे आकडे घेऊन बसतात. वेळ कमी असेल तर तापमान वाढवून चाचणी करतात: १० अंशांना वेग दुप्पट होतो असं धरलं तर २५ अंशांचे सहा महिने ३५ ला तीन महिन्यांत उरकतात. मात्र ‘दुप्पट’ हे गृहीत आहे. निदान तीन तापमानांवर मोजून खरा आकडा काढा. आणि मेद वितळेल किंवा पावडर चिकट होईल इतकं वर जाऊ नका, तिथे वेगळाच बिघाड सुरू होतो.

पाककृती चमच्यात नव्हे, वजनाच्या टक्क्यांत लिहा. बेरीज १०० यायला हवी. एका वेळी एकच घटक बदला, किंवा मग प्रयोगांची आखणी संख्याशास्त्राने करा. झँथन गम (घट्टपणा आणणारी पूड) पाण्यात थेट टाकला तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गाठी होतात. त्याच्या पाच-दहापट साखरेत मिसळून, जोरात ढवळत्या पाण्यात सावकाश सोडा.

मोठ्या प्रमाणावर नेताना सगळ्यात जास्त गोष्टी बिघडतात. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आतला माल आठपट होतो, पण तापणारी भिंत चारपटच. बीकरमध्ये सहा मिनिटांत उकळलेला सॉस पायलट प्लांटवर (कारखान्याच्या छोट्या प्रतिकृतीवर) पाऊण तास घेतो. तेवढ्यात आंबटपणात स्टार्च तुटतं आणि सॉस पातळ होतो. मग स्टार्च वाढवण्यापेक्षा आम्ल शेवटी घालून बघा, किंवा आम्ल सोसणारं सुधारित स्टार्च घ्या.

इंटर्नशिपमध्ये काय बघायचं?

पहिल्या आठवड्यात प्रक्रियेचा आराखडा स्वतः, लाइनवर चालत काढा. कागदावरचा आणि खरा आराखडा जुळत नाही. परत फिरवला जाणारा माल आणि पुनर्वापर कागदावर नसतोच. एखादी स्वच्छता-पाळी पूर्ण बघा, ती बहुधा रात्री असते. अ‍ॅलर्जीकारक घटकाचा माल बदलताना काय धुतात आणि धुतलं गेलं हे कसं तपासतात, हे विचारा.

नोकऱ्या कोणत्या मिळतात?

उत्पादन, गुणवत्ता, संशोधन व विकास, तपासणी प्रयोगशाळा, पॅकेजिंग, लेबल व नियमन, ऑडिट, आणि चव-रंग-एन्झाइम पुरवणाऱ्या कंपन्यांचं तांत्रिक विक्रीकाम. बहुतेकांना थेट संशोधनात जायचं असतं. आमचं मत: आधी वर्ष-दोन वर्षं उत्पादनात काढा. पाळ्या असतात, उभं राहावं लागतं, शीतगृहात बोटं बधिर होतात. पण यंत्रावर काय चालेल आणि काय नाही हे तिथेच कळतं, आणि पुढे संशोधनात त्याचा भाव येतो.

विद्यापीठ निवडताना काय विचारायचं?

पायलट प्लांटमध्ये रिटॉर्ट, स्प्रे ड्रायर, होमोजिनायझर, एक्स्ट्रूडर आहेत का, हे सगळेच विचारतात. त्यापुढे विचारा: शेवटचे कधी चालले आणि कुणी चालवले? लॉगबुक दाखवायला सांगा. एका प्रॅक्टिकल बॅचमध्ये किती जण, इंटर्नशिप किती आठवड्यांची, आणि मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टचे विषय काय होते, तेही विचारा. प्लास्टिकच्या आवरणातलं यंत्र भेटीला आलेल्यांसाठी असतं.

अ‍ॅलर्जी असेल किंवा काही पदार्थ खात नसेन तर?

चाखणं ऐच्छिक असतं आणि त्यासाठी लेखी संमती घेतात. न चाखता पॅनेल चालवण्याचं, आकडेमोडीचं काम करता येतं. अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर प्रवेशाच्या वेळीच सांगा, कारण पिठाची किंवा शेंगदाण्याची धूळ लॅबच्या हवेतही असते.

लॅबमध्ये केलेला नमुना खाल्ला तर चालतो का?

नाही. ज्या बीकरमध्ये काल ईथर होतं त्यातलं काहीच तोंडात जात नाही, कितीही धुतलं तरी. चाखायचा माल वेगळ्या स्वयंपाकघरात, खाद्य दर्जाच्या घटकांनी आणि वेगळ्या भांड्यांत करतात. त्या भांड्यांवर ‘संवेदी’ असं पक्क्या शाईने लिहून ठेवा, म्हणजे कुणी ती रसायनांच्या लॅबमध्ये उचलून नेत नाही.